आतड्याचा स्कॅन वाचायचा कुणी?

ब्रिटनमधल्या अनेक सरकारी रुग्णालयांत मोठ्या आतड्याचा सीटी स्कॅन जी रेडिओग्राफर काढते, तीच तो सगळ्यात आधी वाचते. पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरचा उंचवटा) कुठे आहे, किती मिलिमीटरचा आहे, आतड्याचा कोणता भाग नीट फुगलाच नाही, हे ती टिपून ठेवते. मग रेडिओलॉजिस्ट तोच स्कॅन पाहतात, तिचं टिपण ताडून बघतात आणि रिपोर्टवर सही होते. काही ठिकाणी तर वरच्या पदावरच्या रेडिओग्राफरच्या सहीनेच रिपोर्ट बाहेर पडतो. आपल्याकडच्या डॉक्टरमंडळींना हे सांगितलं तर बहुतेकांच्या कपाळावर आठी पडेल. फोटो काढणार टेक्निशियन, वाचणार डॉक्टर, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही इतिहास असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

इतिहास आहे, आणि तो शंभर वर्षांचा आहे. एक्स-रेच्या सुरुवातीच्या काळात यंत्र चालवणाऱ्यांत फोटोग्राफर होते, विजेची कामं करणारे होते, डॉक्टरही होते; काढलेल्या प्लेटबद्दल ज्याला जे कळे ते तो सांगे. 1920 मध्ये ब्रिटनमध्ये सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स स्थापन झाली. आमच्या सभासदांनी चित्रांचा अर्थ सांगायचा नाही, हे बंधन संस्थेने डॉक्टरांच्या दबावाखाली त्याच दशकात स्वीकारलं. म्हणजे कोण किती चांगलं वाचतं हे मोजून कुणी ही रेघ ओढली नव्हती. दोन व्यवसायांमधली ती तडजोड होती. पुढची पन्नास वर्षं तिला कुणी हात लावला नाही. 1971 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्विनबर्न नावाच्या रेडिओलॉजिस्टचा छोटासा लेख आला: काही आजार नसलेला फोटो आणि काहीतरी बिघाड असलेला फोटो यांची निवड रेडिओग्राफरना शिकवता येईल, अशी ती सूचना होती. 1980 च्या दशकात अपघात विभागांत लाल ठिपक्याची पद्धत सुरू झाली. एक्स-रेमध्ये काही वावगं दिसलं तर रेडिओग्राफरने फिल्मवर लाल ठिपका चिकटवायचा, म्हणजे रात्रपाळीचा शिकाऊ डॉक्टर तो फोटो दुसऱ्यांदा बघेल. तोंडाने बोलायला बंदी असलेल्यांना बोटाने दाखवायची मुभा मिळाली. त्यानंतर विद्यापीठांचे अभ्यासक्रम आले, हाडांच्या एक्स-रेचे लेखी रिपोर्ट आले, स्तनांच्या तपासणीत मॅमोग्राम वाचणाऱ्या रेडिओग्राफर आल्या.

आतड्याच्या बाबतीत दार उघडलं ते बेरियम एनिमामुळे. ही तपासणी ज्यांनी करून घेतली आहे त्यांना ती विसरता येत नाही. गुदद्वारातून बेरियमचं पांढरं द्रावण आणि हवा आत सोडायची, रुग्णाला टेबलावर कुशीवर, पालथं, उताणं असं फिरवत राहायचं आणि पडद्यावर बघत बघत फोटो घ्यायचे. विसाव्या शतकाचा मोठा भाग हे काम रेडिओलॉजिस्ट स्वतः करत. एकेका रुग्णाला अर्धा तास लागे, प्रतीक्षायादी वाढत जाई. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लीड्समध्ये रेडिओग्राफरना ही तपासणी स्वतंत्रपणे करायला शिकवण्याचा प्रयोग झाला आणि काही वर्षांत तो देशभर पसरला. ज्याने स्वतः शंभर आतडी फुगवून फिरवून पाहिली आहेत त्याला काय दिसलं हे विचारायचंच नाही, हा हट्ट मग फार काळ टिकला नाही. रेडिओग्राफर आधी टिपणं लिहू लागले, पुढे दोघांनी वाचायच्या रिपोर्टमधले एक वाचक झाले.

आणि नेमकी तेव्हाच बेरियमची सद्दी संपायला लागली. 1994 मध्ये अमेरिकेत डेव्हिड व्हायनिंग यांनी सीटीच्या कापांवरून आतड्याच्या आतून प्रवास केल्यासारखं चित्र संगणकावर उभं करून दाखवलं. त्याला व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी म्हणू लागले. दवाखान्याच्या कागदावर ते सीटी कोलोनोग्राफी असतं. ब्रिटनमध्ये 21 रुग्णालयांत मिळून झालेल्या ‘सिगार’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. कॅन्सर किंवा मोठा पॉलिप सापडण्याचं प्रमाण बेरियममध्ये 5.6 टक्के, तर सीटीत 7.3 टक्के होतं. बेरियमने निसटू दिलेले कॅन्सर 14 टक्के, सीटीने 7 टक्के. बेरियमचा निकाल लागला. पण बेरियमवर तयार झालेले रेडिओग्राफर तिथेच होते. फुगवण्याची, फिरवण्याची, रुग्णाला धीर देण्याची सवय असलेले. ते सीटीकडे आले. आजचा वाद समजून घ्यायचा तर हा वारसा ध्यानात ठेवावा लागतो.

आता स्कॅन जवळून बघू. आदल्या दिवशी रुग्णाने चोथा नसलेलं खाल्लेलं असतं आणि गॅस्ट्रोग्राफिनसारखं औषध प्यायलेलं असतं. त्यामुळे आतड्यात जी काही विष्ठा राहते ती स्कॅनमध्ये पांढरी चमकते. टेबलावर झोपवून गुदद्वारात बारीक लवचीक नळी घालतात, आतडं सैल पडावं म्हणून शिरेतून ब्युस्कोपॅन देतात आणि यंत्राने कार्बन डायऑक्साइड सोडतात. साध्या हवेपेक्षा हा वायू लवकर शोषला जातो, त्यामुळे नंतरची कळ कमी. एकदा उताणं, एकदा पालथं किंवा कुशीवर, असे दोन स्कॅन होतात. समजा पहिल्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूचं सिग्मॉइड (गुदाशयाआधीचा वळणदार भाग) चिकटून बसलेलं दिसलं. त्या क्षणी खोलीत असलेल्या माणसाने ते ओळखलं, रुग्णाला उजव्या कुशीवर वळवलं, दोन मिनिटं थांबून आणखी वायू सोडला आणि पुन्हा स्कॅन घेतला, तर तो भाग उघडतो. नाही ओळखलं तर चार दिवसांनी रिपोर्टमध्ये एक वाक्य येतं की सिग्मॉइड नीट दिसत नाही, आणि सत्तरीतल्या आजोबांना तेच सगळं दुसऱ्यांदा सोसावं लागतं. वाचता येणं हे काढण्याच्या कामातच मुरलेलं असतं. रेडिओग्राफरना वाचायला शिकवण्याच्या बाजूचा मला सगळ्यात पटणारा मुद्दा हा आहे, आणि वादात तोच सगळ्यात कमी ऐकू येतो. रुग्ण टेबलावर असतानाच कॅन्सर दिसला तर त्याच बैठकीत छातीपोटाचा कॉन्ट्रास्ट स्कॅन करून घेता येतो, हा आणखी एक फायदा. रुग्णाची एक फेरी वाचते.

वाचण्याचं काम चिकाटीचं आहे. दोन्ही स्थितींचे मिळून हजाराच्या आसपास काप असतात. पडद्यावर एका बाजूला उताणं, दुसऱ्या बाजूला पालथं. गुदाशयापासून निघायचं आणि सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत जायचं, मग परत. एका वळीवर आठ मिलिमीटरचा उंचवटा दिसतो. पहिला प्रश्न: रुग्ण पालथा झाल्यावर तो जागचा हलला का? हलला तर बहुधा विष्ठा. पण देठाचा पॉलिपही हलतो. मग आत बघायचं: मध्ये हवेचे बुडबुडे आहेत का, औषधाचा पांढरेपणा भिनला आहे का? आत चरबीचा काळसरपणा दिसला तर ती लायपोमा म्हणजे चरबीची गाठ किंवा लहान आतड्याच्या तोंडाची झडप असू शकते. हे काही नाही, सगळीकडे सारखा मऊ पेशींचा करडा रंग आहे आणि दोन्ही स्थितींत तो त्याच वळीला धरून आहे, तेव्हा तो पॉलिप. पाच मिलिमीटर आणि त्याखालचे सहसा लिहीत नाहीत. सहा ते नऊ आणि दहा व त्यापुढचे यांची वर्गवारी ठरलेली आहे, कारण दहा मिलिमीटरच्या पुढे पॉलिपमध्ये कॅन्सर दडला असण्याची किंवा पुढे होण्याची शक्यता चढत जाते. सर्वांत फसवे असतात ते चपटे पॉलिप. ते वर येतच नाहीत, वळीची जाडी तेवढी किंचित वाढलेली असते. अनुभवी डोळ्यालाही या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, नवख्याला पाऊण तास.

यातलं वैद्यकीय पदवीवाचून अडेल असं काय आहे? पुराव्यांकडे वळताना आधी डॉक्टरांचाच हिशेब बघितलेला बरा. 2003 मध्ये पेरी पिकहार्ट यांच्या गटाने 1233 निरोगी प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: दहा मिलिमीटर किंवा मोठा अ‍ॅडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप) असलेल्या रुग्णांपैकी 94 टक्क्यांच्या आसपास रुग्ण सीटीने पकडले. पाचच महिन्यांत कॉटन यांच्या गटाचा नऊ रुग्णालयांतला अभ्यास आला, आणि तिथे दहा मिलिमीटर आणि त्यावरच्या गोष्टी पकडण्याचं प्रमाण अवघं 55 टक्के. वाचणारे दोन्हीकडे डॉक्टरच. फरक होता तो तंत्रात आणि तालमीत. कॉटन यांच्या अभ्यासात केंद्राकेंद्रांत मोठी तफावत होती, आणि काम पुढे सरकलं तशी अचूकता वाढलीही नाही. नुसतं करत राहिल्याने माणूस शिकतो या समजुतीला हा चांगलाच टोला होता. 2008 च्या अमेरिकी राष्ट्रीय चाचणीत वाचकांना आधी परीक्षा घातली. 90 टक्के गाठी पकडून दाखवल्याशिवाय प्रवेशच नाही. निकाल पुन्हा 90 टक्क्यांवर आला.

याहून बोलका पुरावा 2022 चा आहे. इंग्लंडमधल्या 69 रुग्णालयांतले 139 रेडिओलॉजिस्ट, म्हणजे हे स्कॅन रोज वाचणारे लोक, एका चाचणीत सामील झाले. अर्ध्या रुग्णालयांतल्यांना एक दिवसाचं शिक्षण आणि मग चुका दाखवणारा अभिप्राय मिळाला, बाकीच्यांना नाही. महिन्याभराने घेतलेल्या परीक्षेत शिकवलेल्यांनी सहा मिलिमीटरवरचे 66 टक्के पॉलिप आणि कॅन्सर पकडले, न शिकवलेल्यांनी 42 टक्के. रोज सही करणारे तज्ज्ञ निम्म्याहून कमी पकडतात, हे वाचून रेडिओलॉजीच्या वर्तुळात नक्कीच कुणाला तरी झोप लागली नसेल. निदान लागू नये. परीक्षेचे स्कॅन मुद्दाम निवडलेले असतात, त्यात गाठींची गर्दी असते, हे मान्य. तरी एका दिवसात एवढी उडी पडते याचा अर्थ पदवीने जे दिलं असं आपण धरून चाललो होतो ते तिने दिलेलं नव्हतं.

या पार्श्वभूमीवर रेडिओग्राफरांचे निकाल बघावेत. 2007 मध्ये युरोपातल्या पोटाच्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने अनुभवी तज्ज्ञ, नव्याने शिकवलेले रेडिओलॉजिस्ट आणि नव्याने शिकवलेले रेडिओग्राफर असे तीन गट केले. शिकणाऱ्यांना 50 स्कॅनवर तालीम दिली, मग सगळ्यांना 40 स्कॅन वाचायला दिले. अनुभवी पुढे राहिले, यात नवल नाही. नवे डॉक्टर आणि नवे रेडिओग्राफर यांच्यातलं अंतर मात्र थोडं होतं, आणि दोन्ही गटांत काही जण चमकले तर काही अगदीच मागे पडले. पन्नास स्कॅन पाहिले म्हणून कुणाला तयार समजू नका, असा अभ्यासकर्त्यांचा शेरा होता, आणि तो दोघांनाही लागू होता. अ‍ॅमस्टरडॅममध्ये आणि लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात, जिथे आतड्याच्या आजारांचंच काम चालतं, तिथेही शिकवलेल्या रेडिओग्राफरनी आतडं वाचण्यात समाधानकारक कामगिरी केली. एक कल मात्र अनेक ठिकाणी दिसतो: रेडिओग्राफर काहीसे जास्त संशय घेतात. निरुपद्रवी गोष्टीवरही बोट ठेवतात. स्क्रीनिंगमध्ये हे स्वस्तात पडत नाही, कारण प्रत्येक संशयाचा शेवट आतड्यात दुर्बीण घालून करायच्या कोलोनोस्कोपीत होतो. ‘सिगार’च्या सीटी आणि कोलोनोस्कोपी यांची तुलना करणाऱ्या भागातच, शिकलेले डॉक्टर वाचत असताना, सीटी झालेल्या 30 टक्के लोकांना पुढे आतड्याची आणखी एक तपासणी करावी लागली, थेट कोलोनोस्कोपी झालेल्यांत हा आकडा 8 टक्के होता.

पण खरी अडचण आतड्यात नाही, आतड्याबाहेर आहे. सीटी काही मोठ्या आतड्यापुरता थांबत नाही. त्याच चित्रात मूत्रपिंड असतं, स्वादुपिंड असतं, महाधमनी असते, फुप्फुसांचा तळ असतो, मणके असतात. आणि हा स्कॅन ज्यांचा होतो ते बहुतेक वयस्कर. ज्यांना कोलोनोस्कोपी झेपणार नाही म्हणून इकडे पाठवलं जातं ते तर थकलेले. त्यांच्या पोटात काही ना काही निघतंच. मूत्रपिंडातली साधी पाण्याची गाठ सोडून द्यायची, शेजारची घट्ट गाठ सोडायची नाही. महाधमनी किती रुंदावली की शस्त्रक्रियेच्या डॉक्टरला फोन करायचा. यकृतातला ठिपका पुढे तपासायचा की रुग्णाचं वय बघून गप्प बसायचं. हे निर्णय पन्नास किंवा पाचशे आतडी वाचून येत नाहीत. सगळ्या शरीराचे आजार माहीत असावे लागतात. म्हणून बहुतेक ब्रिटिश केंद्रांनी आतड्याचं वाचन रेडिओग्राफरकडे आणि आतड्याबाहेरचं रेडिओलॉजिस्टकडे अशी विभागणी केली. मला ती शहाणपणाची वाटते, पण तिच्यात एक भगदाड आहे. रेडिओलॉजिस्टला यकृत-मूत्रपिंड बघायचंच आहे, समोर आतड्याचं तयार टिपण आहे, दुपारचे सव्वा तीन वाजले आहेत आणि आणखी वीस स्कॅन बाकी आहेत. आतडं ते पुन्हा मुळापासून वाचतील की टिपणावर नजर फिरवून सही करतील? दुसरं वाचन स्वतंत्र असेल तर ते दुसरी जाळी टाकण्यासारखं आहे. पहिल्याचं बघून केलेलं दुसरं वाचन पहिल्याच्याच चुका पक्क्या करतं. दोन वाचक असलेली तपासणी असं ज्या केंद्रांत अभिमानाने सांगतात, तिथे दुसरा वाचक टिपण उघडण्याआधी स्कॅन उघडतो का, एवढाच प्रश्न विचारावा.

ब्रिटनमध्ये या सगळ्याला रेटा मिळाला तो मनुष्यबळाच्या टंचाईतून, हे झाकण्यात अर्थ नाही. रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सच्या 2023 च्या मोजणीनुसार तिथे गरजेच्या मानाने 30 टक्के रेडिओलॉजिस्ट कमी होते. दुसरीकडे आतड्याच्या कॅन्सरचं सरकारी स्क्रीनिंग 2006 मध्ये सुरू झालं. 2019 मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या चाचणीच्या जागी विष्ठेतलं रक्त शोधणारी नवी, सोपी चाचणी आली, आणि 2021 पासून वयोमर्यादा साठवरून टप्प्याटप्प्याने पन्नासवर आणायला सुरुवात झाली. लोक वाढले, वाचणारे वाढले नाहीत. विरोधक म्हणतात ते त्यामुळे अगदीच खोटं नाही: डॉक्टर परवडत नाहीत म्हणून काम खाली ढकललं जातंय. तिथे फिजिशियन असोसिएट्सवरून, म्हणजे डॉक्टर नसूनही डॉक्टरांची काही कामं करणाऱ्यांवरून, पेटलेला वाद आणि त्यावरचा 2025 चा प्रा. जिलियन लेंग यांचा अहवाल याच भीतीतून आलेला आहे. मात्र दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. रेडिओग्राफी हा तिथे अनेक दशकं कायद्याने नोंदणीकृत व्यवसाय आहे, पदाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि चित्राचा अर्थ लावण्याचं काम प्रशिक्षित बिगरडॉक्टरने करायला किरणोत्सर्गाच्या नियमांची आडकाठी नाही. रेडिओलॉजीच्या शिकाऊ डॉक्टरांची तक्रार मला जास्त वजनदार वाटते. सोपे स्कॅन रेडिओग्राफर वाचणार असतील तर आमचे डोळे तयार कशावर होणार, असा त्यांचा सवाल आहे.

इतर देशांनी आपापल्या परीने रेघ ओढली आहे. डेन्मार्कमध्ये रिपोर्ट लिहिणारे रेडिओग्राफर आहेत. अमेरिकेत रेडिओलॉजिस्ट असिस्टंट हे पद आहे, पण अंतिम अर्थ सांगायला त्यांना मनाई आहे. तिथे 2025 पासून मेडिकेअरने स्क्रीनिंगसाठीच्या सीटी कोलोनोग्राफीचे पैसे द्यायला सुरुवात केली आहे, म्हणजे स्कॅन वाढणार. हे कुणी वाचायचे, हा प्रश्न तिथेही लवकरच टेबलावर येईल. संगणक वाचेल असं म्हणणारे वीस वर्षांपूर्वीही होते. संशयित जागा दाखवणारी सॉफ्टवेअर तेव्हापासून वापरात आहेत, ती दुसरा वाचक म्हणून उपयोगी पडतात आणि झडपेवर, वळीवर, विष्ठेवर उत्साहाने खुणा करतात. त्या खुणांतल्या कोणत्या खोडायच्या हे अजून माणूसच ठरवतो.

आपल्याकडे चित्र पार वेगळं आहे. आतड्याच्या कॅन्सरचं सरकारी स्क्रीनिंग नाही, आणि व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत होते. बिगरडॉक्टरने चित्र वाचावं याबद्दलची आपली अढीही उगाच आलेली नाही. ब्रिटनमध्ये सोनोग्राफर स्वतः सोनोग्राफी करतो आणि स्वतःच रिपोर्ट लिहितो. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाचा जो बाजार मांडला गेला त्यानंतर 1994 चा कायदा आला, आणि सोनोग्राफीचं मशीन कुणाच्या हातात द्यायचं हा पोलीस-कोर्टाचा विषय झाला. टेक्निशियन मंडळींच्या शिक्षणाला आणि नोंदणीला देशभर एक चौकट देणारा कायदा तर 2021 मध्ये आला. नोंदणीच जिथे नवी आहे तिथे रिपोर्टच्या सहीची मागणी करणं घाईचं होईल.

सहीआधीचं एक काम मात्र आजही करता येईल. तालुक्या-जिल्ह्याच्या गावात सीटी काढायचा आणि रिपोर्ट पुण्या-मुंबईहून ऑनलाइन मागवायचा, ही पद्धत आता सर्रास झाली आहे. वाचणारे डॉक्टर रुग्णाला बघतच नाहीत. त्यांना मिळतात ते काप, तेही रुग्ण टेबलावरून उतरून घरी गेल्यावर. स्कॅन निकामी आहे हे खोलीतल्या एकाच माणसाला वेळेत कळू शकतं, आणि तो टेक्निशियन असतो. चिकटलेलं आतडं कसं दिसतं, श्वास न धरल्याने हललेला काप कसा दिसतो, कॉन्ट्रास्ट लवकर किंवा उशिरा गेल्याची खूण काय, आणि असं दिसलं तर रुग्णाला उठवण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा, एवढं त्याला शिकवायला नवा कायदा लागत नाही. लागतो तो डॉक्टरांचा महिन्यातला एखादा तास, आणि फोन आला की वैतागून न बोलण्याची तयारी.